जाळीच्या कपाटातला पाहुणा

‘‘हे खातंय काय?’’ पद्माआत्तीनं विचारलं.

पुठ्ठ्याच्या खोक्यात, माझ्या जुन्या ओढणीवर तो बसला होता. वीतभर अंग, जवळजवळ तेवढीच शेपूट, आणि ती शेपूट जिलबीसारखी गुंडाळलेली. एक डोळा आत्तीवर रोखलेला, दुसरा वर पंख्याकडे. दोन डोळे दोन दिशांना फिरतात हे पाहूनच आत्ती अर्धी गार झाली होती. त्याच्या मागच्या पायाला दोरा काचून खोल जखम झाली होती, आणि तिच्यावर मी नुकतंच मलम लावलं होतं.

‘‘किडे,’’ मी म्हटलं.

‘‘मेलेले?’’

‘‘जिवंत. हललं तरच त्याला ते खाणं वाटतं.’’

आत्ती उठली आणि देवघराचं दार ओढून घेतलं. आतल्या भगवंतांच्या कानावर हे जाऊ नये, असा तिचा हिशेब असावा.

ही गोष्ट माझ्या नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यातली. आता मी निवृत्तीला आले. तेव्हा जयसिंगपूरच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात माझी नेमणूक झाली होती आणि मी आत्तीकडे राहत होते. पद्माआत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, गावाच्या कडेला स्वतःचं चार खोल्यांचं घर आणि मागं हरभऱ्याचा वाफा. आम्ही जैन. पण आमच्या घरचा जैनपणा आणि आत्तीचा जैनपणा यांत जमीनअस्मानाचा फरक. आम्ही पाणी गाळून प्यायचो. आत्ती गाळून झाल्यावर गाळणं पुन्हा त्याच विहिरीच्या पाण्यात हलकेच धुवायची, म्हणजे अडकलेला जीव आपल्या घरी परत. गव्हातले सोंडे ती एकेक करून वाटीत गोळा करायची, परसात सावलीला नेऊन ठेवायची आणि वर मूठभर गहूही टाकायची. मी म्हणायचे, ‘‘आत्ती, त्यांना चटणीही दे थोडी.’’ ती म्हणायची, ‘‘तू डॉक्टर झालीस, शहाणी कधी होणार?’’

तर अशा घरात मी शॅमेलिऑन घेऊन आले होते. कोकणात त्याला घोयरा म्हणतात. आपल्या कुंपणावरच्या सरड्याचाच भाऊबंद, पण चालायला अगदी संथ, आणि जीभ मात्र अंगाएवढी लांब. बाजारात एक माणूस त्याचा रंग बदलून दाखवायचा आणि जमलेल्या गर्दीला कसलीशी औषधं विकायचा. वनखात्यानं त्याला पकडला आणि हा प्राणी जप्त झाला. वनरक्षक बंडगर तो घेऊन थेट माझ्या दवाखान्यात आले.

‘‘मुद्देमाल हाय, डॉक्टरबाई,’’ ते म्हणाले. ‘‘म्हस असती तर गोठ्यात बांधली असती. ह्याला बांधू कुठं? पाय बरा करा, जरा अंग धरू द्या, आन् कोर्टाचा हुकूम आला की दंडोबाच्या डोंगरावर सोडू. तवर जगला पायजे बगा.’’

दवाखान्यात दिवसभर कुत्र्यांची भुंकाभुंक आणि म्हशींचं हंबरणं. तिथं तो भीतीनंच मेला असता. म्हणून घरी आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तो आत्तीनं दुधाचं जाळीचं कपाट रिकामं करून पुढच्या सोप्यात आणलेलं. फळ्या काढून टाकलेल्या, कपाट पुसून लख्ख.

‘‘फ्रिज आल्यापासून तसंही पडूनच आहे,’’ ती म्हणाली. ‘‘ह्यात ठेव त्याला. जखमी जीव दारात आलाय, नाही कसं म्हणू? पण खायला घालायचं ते मी बस्तीत गेल्यावर. माझ्यासमोर नको.’’

बस्ती म्हणजे आमच्याकडचं जैन मंदिर. आत्ती रोज सकाळी अंघोळ करून अभिषेकाला जायची. त्या वेळात मी आपलं काम उरकून घ्यायचे. कपाटात मी जास्वंदाची कुंडी ठेवली, दोन फांद्या आडव्या बांधल्या. सकाळचं ऊन बरोबर जाळीवर यायचं. पाहुणा फांदीवर चढून अंग चपटं करून ऊन खात बसायचा. ‘पावणा’ हे नाव आत्तीनंच ठेवलं. नाव म्हणजे तिच्या मते माया लागण्याची पहिली पायरी, म्हणून तिनं मुद्दाम असं नाव ठेवलं जे कुणालाही चालतं.

खाण्याचं सुरुवातीला काही अडलं नाही. बंडगर येता-जाता बाटलीत नाकतोडे भरून आणायचे. मी एकेक फांदीवर सोडायचे. पाहुण्याचे दोन्ही डोळे हळूहळू पुढं वळायचे, दोन्ही एकाच जागी रोखले जायचे, तोंड थोडं उघडायचं, आणि फट्! जीभ गेलेली दिसायचीसुद्धा नाही. नाकतोडा त्याच्या जबड्यात. पाय भरून येऊ लागला, अंगावर तजेला आला. मी खुशीत होते.

मग थंडी वाढली, गवत वाळलं, उसाला तोड लागली. फडातला पाला पेटवला गेला आणि नाकतोडे दिसेनासे झाले. बंडगर सायकल मारत पार कृष्णेच्या काठापर्यंत जायचे आणि बाटलीच्या बुडाशी दोन-तीन घेऊन यायचे.

‘‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणत्यात,’’ ते घाम पुसत म्हणाले, ‘‘हितं सरडा बसून हाय आन् धाव माझी चाललीया. बाई, ह्याला दुसरं कायतर खायला शिकवा.’’

मला ते सोपं वाटलं होतं. दवाखान्याच्या कोठीत पेंडीच्या पोत्यांखाली रातकिडे हवे तेवढे. मी एका बादलीत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे घालून त्यांचा संसार थाटून दिला. गाजर, कोथिंबीर खायला घालून त्यांना गुबगुबीत केलं, कारण किडा जे खाणार तेच शेवटी सरड्याच्या अंगी लागणार. आणि एके सकाळी त्यातला एक, चांगला तुकतुकीत, फांदीवर सोडला.

पाहुण्यानं एक डोळा त्याच्याकडे वळवला. बघितलं. डोळा पुन्हा जास्वंदाकडे.

दुसऱ्या दिवशी मी चिमट्यात धरून त्याच्या नाकासमोर हलवला. तो फांदीवरच वळून माझ्याकडे पाठ करून बसला. मग झुरळ आणलं, तर अंग काळपट केलं. पिठातल्या अळ्या दिल्या, त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दिव्यावरचा पतंग एकदा खाल्ला, मी नाचायची बाकी राहिले. दुसऱ्या दिवशी तसाच पतंग दिला तर डोळे मिटून घेतले. आधी नाकतोडा द्यायचा आणि जीभ चाळवली की लगेच मागून रातकिडा, हीही युक्ती केली. नाकतोडा गेला, रातकिडा फांदीवरून चालत त्याच्या डोक्यावर जाऊन बसला.

‘‘नखरे आहेत नुसते,’’ मी आत्तीला म्हटलं. ‘‘पंगतीत जिलबीवर हात मारायचा आणि भात बाजूला सारायचा, तसं चाललंय ह्याचं.’’

‘‘सवय असती एकेकाची,’’ आत्ती म्हणाली.

‘‘सवय मोडते की. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. आता नाकतोडे बंद. काचेच्या खोल वाडग्यात रातकिडे ठेवते कपाटात. त्यांना त्या गुळगुळीत काचेवर चढता यायचं नाही आणि हा वरून बघत राहील. भूक लागली की खाईल. ह्या जातीला चार-आठ दिवसांचा उपास काही जड नाही.’’

‘‘दिवसभर त्या वाडग्यातच राहायचं त्यांनी?’’

‘‘कुणी?’’

‘‘किड्यांनी.’’

मी हसले. ती हसली नाही, हे मी पाहिलं, पण मनावर घेतलं नाही.

पहिल्या दिवशी वाडग्यात किडे घालून मी दवाखान्यात गेले. दुपारी जेवायला आले तर वाडगा रिकामा! मी कपाटासमोर उभी राहून टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशीही रिकामा, तिसऱ्या दिवशीही. बंडगरांना मी ऐटीत निरोप धाडला की आता नाकतोड्यांची गरज नाही, आमचा गडी रातकिडे फस्त करतोय. ते स्वतः बघायला आले आणि रिकामा वाडगा बघून म्हणाले, ‘‘डॉक्टरकीत तुमचा हात धरनारं कोन न्हाई बगा.’’ आत्ती चहा घेऊन आली होती. कप ठेवून ती आत गेली.

मी किड्यांची संख्या वाढवली. वाडगा रिकामाच होत होता. आणि पाहुणा वाळत होता.

आधी मला वाटलं, थंडीनं असेल. मग शेपटीच्या मुळाशी हाडं वर आली. डोळ्यांचे ते फुगीर घुमट आत बसायला लागले. सकाळच्या उन्हातही त्याचा रंग मातकट. एवढं खातोय आणि अंगी लागत नाही म्हणजे काय? जनावरांच्या डॉक्टरला अशा वेळी एकच सुचतं. जंत. विष्ठा बघावी तर कपाटाचा खालचा पत्रा आत्ती रोज पुसून ठेवायची, त्यामुळं तिथं काही नसायचं. मी अंदाजानं जंताचं औषध थेंब-थेंब मोजून पाजलं. त्यानं तो आणखीच खंगला. फांदीवरून त्याची पकड सुटायला लागली. एकदा खाली कुंडीत पडला आणि तिथंच पडून राहिला.

मला फार वाईट वाटत होतं. जीव माझ्या भरवशावर होता आणि मला त्याचं दुखणं कळत नव्हतं.

एका सकाळी दवाखान्यात दीड-दोन तास काम झाल्यावर लक्षात आलं, लशींच्या कपाटाची किल्ली घरी राहिली. परत आले. पुढचं दार लोटलेलं होतं. सोप्यात कपाटाचं दार उघडं, पाहुणा फांदीवर, आणि वाडगा जागेवर नव्हता. मागच्या दारातून आत्तीचा आवाज येत होता. मी गेले. बस्तीतून आलेली, कपाळावरचं गंध अजून तसंच, ती हरभऱ्याच्या वाफ्यात उकिडवी बसली होती. वाडग्यावर पदर झाकलेला. तिनं पदर बाजूला केला, वाडगा झाडांच्या बुंध्याशी अलगद कलता केला आणि म्हणाली, ‘‘जावा बाबांनो. लांब जावा आता.’’

‘‘आत्ती!’’

ती दचकली. पण वाडगा तिनं पूर्ण रिकामा होईपर्यंत धरून ठेवला आणि मगच उठली.

‘‘किती दिवस चाललंय हे?’’

‘‘पहिल्यापासनं.’’

‘‘पहिल्यापासून! अगं, म्हणजे त्यानं एकही खाल्ला नाही? मी तिकडं जंताचं औषध पाजतेय त्याला! मरायला टेकलाय तो, आत्ती. उपाशी मारलंस तू त्याला!’’

माझा आवाज शेजारपाजारी ऐकू गेला असणार. आत्तीचा चेहरा पांढरा पडला.

‘‘तो खात नव्हता गं,’’ ती म्हणाली. ‘‘बस्तीतनं आले की मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून जप करत बसायची. तासभर. तो नुसता बघायचा त्यांच्याकडं. ते बिचारे काचेवर चढायचे, पडायचे, चढायचे, पडायचे. मला वाटायचं, ह्याला नकोच आहेत, मग त्यांना कशाला मरणाच्या दारात बसवून ठेवायचं? त्याला नको असलेलंच सोडत होते मी.’’

‘‘तासाभरानं भूक लागली असती त्याला! दुपारी खाल्ले असते, दुसऱ्या दिवशी खाल्ले असते. भूक लागायला समोर काहीतरी असावं लागतं ना!’’

‘‘तू म्हणालीस त्याला चार-आठ दिवस उपास चालतो.’’

‘‘म्हणून तू मला सांगितलं नाहीस?’’

‘‘तू एवढी आनंदात होतीस,’’ आत्ती म्हणाली. ‘‘आणि खरं सांगू? सांगितलं असतं तर तू मला सोडू दिले नसतेस.’’

मी पाय आपटत आत गेले.

बंडगरांना निरोप गेला. ते बिचारे धावतपळत कुठूनसे दोन नाकतोडे घेऊन आले. पाहुण्यानं त्यातल्या एकाकडे दोन्ही डोळे लावले, तोंड उघडलं, आणि जीभ बाहेर आली ती मधल्यामध्येच लोंबकळून राहिली. तेवढीही ताकद उरली नव्हती. ती जीभ परत आत घेताना त्याला जे कष्ट पडले ते बघवत नव्हते. मग मी त्याला हातात धरला, जाड कागदाच्या तुकड्यानं जबडा उघडायला गेले. तो काळाठिक्कर पडला, फुसकारला, अंग पिळवटून माझ्या बोटांतून सुटायला बघू लागला. कसाबसा अर्धा नाकतोडा आत गेला, त्यातला निम्मा त्यानं ओकून टाकला.

‘‘ऱ्हाऊ दे बाई,’’ बंडगर म्हणाले. ‘‘ह्यो भुकेच्या आदी भ्यानंच मरंल.’’

मी त्याला कपाटात ठेवायला गेले. फांदी धरेना. तेव्हा इतका वेळ दारात उभी असलेली आत्ती पुढं आली आणि काही न बोलता तिनं आपला हात आत घातला, तळवा वर करून. रोज वाडगा काढायला घालायची, पत्रा पुसायला घालायची, तसाच. पाहुण्यानं एक पाय तिच्या बोटावर ठेवला. मग दुसरा. हळूहळू तो तिच्या मनगटावर चढून बसला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचा काळा रंग उतरायला लागला. आधी पोटाकडून, मग पाठीवर. कुठंकुठं हिरवा डोकावला.

बंडगर माझ्याकडे बघायला लागले. मी आत्तीकडे. आमच्या दोघांच्या मनात एकच आलं होतं, आणि ते आत्तीलाही कळलं.

‘‘नाही,’’ ती म्हणाली.

‘‘आत्ती, तुझ्या हाताला तो भीत नाही. तोंडाशी धरलं तर जीभ लांब टाकायलाही नको...’’

‘‘त्रिशला, नाही म्हटलं ना! माझ्या हातानं मी जीव देणार नाही कुणाचा. तू पशुवैद्य आहेस, तुझा तो धंदा आहे. माझ्याकडनं तेवढं मागू नकोस.’’

‘‘काकी, त्यो मरंल वो,’’ बंडगर म्हणाले.

आत्तीनं मनगटावरचा पाहुणा अलगद फांदीवर ठेवला, कपाट लावलं आणि ती देवघरात गेली. दिवेलागणीला बाहेर आली तोवर सूर्यास्तापूर्वीची तिची जेवायची वेळ टळून गेली होती. तिच्या वयाच्या बाईला, जिनं जन्मात मुंगीवर पाय दिला नव्हता, काय म्हणायचं मी? पाहुणा उद्याचा दिवस काढणार नाही हे मला दिसत होतं. सकाळी कपाटाकडे जायचा मला धीर होत नव्हता.

पण सकाळी आत्तीच माझ्या खोलीच्या दारात उभी होती. अंघोळ झालेली, केस ओले, धूतवस्त्र नेसलेली. बस्तीत जायची वेळ होऊन गेली होती.

‘‘आहे का तो?’’ मी विचारलं.

‘‘आहे. दे.’’

‘‘काय?’’

‘‘रातकिडा. कसा धरायचा ते दाखव.’’

मी बादलीतला एक काढला. मागचे पाय दोन बोटांत धरायचे, म्हणजे अंग मोकळं राहतं, असं दाखवलं. तिनं घेतला. तो तिच्या बोटांत वळवळला तसे तिनं डोळे गच्च मिटले आणि ओठ हलायला लागले. आधी मला वाटलं, ती णमोकार मंत्र म्हणतेय. जवळ गेले तेव्हा कळलं, ती त्या किड्याशी बोलत होती. ‘‘मला क्षमा कर,’’ म्हणत होती. ‘‘ह्याला दुसरं काही खाता येत नाही. मला क्षमा कर.’’

मग तिनं डोळे उघडले आणि हात आत घातला.

तिचा हात थरथरत होता. तेवढ्या थरथरीनं किडा सारखा हलत होता, आणि म्हणूनच बहुतेक पाहुण्याचा एक डोळा उघडला. मग दुसरा. दोन्ही डोळे सावकाश पुढं वळले. मी श्वास धरून उभी. त्यानं मान थोडी पुढं केली. तोंड उघडलं. जीभ नीट सुटलीच नाही, नुसती जाड गोळ्यासारखी पुढं आली आणि आत्तीच्या बोटाच्या टोकाला लागली. किडा चिकटला. आत्तीनं बोटं सोडली. कचकन चावल्याचा बारीक आवाज झाला. आत्तीच्या अंगावर शहारा आला तो मला दिसला. पण हात तिनं मागं घेतला नाही, तो गिळून होईपर्यंत तिथंच धरून ठेवला.

‘‘आणखी एक,’’ मी हळूच म्हटलं.

‘‘दे.’’

त्या दिवशी तिनं दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र एक नेम ठरला. सकाळी पाहुण्याला भरवायचं, मग पुन्हा अंघोळ, मग बस्ती, आणि दिवसातून एकदाच जेवण. मी म्हटलं, अगं, तू वाळशील. ती म्हणाली, ‘‘त्याच्या पोटात जे गेलं ते माझ्या पानातनं वजा. तू मधे बोलू नकोस.’’

पाहुणा मात्र भरायला लागला. जीभ पुन्हा सुटायला लागली, आधी बोटभर, मग वीतभर. आणि एकदा रातकिड्याची चव लागली तसा गडी सोकावला. आत्तीच्या हातचं झुरळही गेलं, पिठातल्या अळ्याही गेल्या. माझ्या चिमट्यातलं कधी घ्यायचा, कधी पाठ फिरवायचा. पण आत्ती सोप्यात आली की दोन्ही डोळे तिच्यावर. बंडगर एकदा म्हणाले, ‘‘काकी, कोर्टात साक्षीला तुम्हालाच न्ह्यायला पायजे. मुद्देमाल तुमच्या ओळखीचा हाय.’’ ती हसली. त्या सगळ्या दिवसांत ती तेव्हा पहिल्यांदा हसली. पण एकही किडा तिनं क्षमा मागितल्याशिवाय उचलला नाही.

पुढं ऊन तापायला लागलं आणि कोर्टाचा हुकूम आला. बंडगरांनी जीप आणली. आत्ती येणार नाही असं मी धरून चालले होते, पण ती पुढच्या सीटवर पुठ्ठ्याचं खोकं मांडीवर घेऊन बसली. दंडोबाच्या उतरणीवर, बाभळी आणि करवंदीच्या जाळ्या होत्या तिथं आम्ही उतरलो. तिनं हात खोक्यात घातला, तो मनगटावर चढला, तिनं मनगट एका फांदीशी नेलं. पाहुण्यानं एक पाय पुढं टाकला, थांबला, मागंपुढं डुलला, वाऱ्यानं पान हलावं तसा. पुढचा पाय. पुन्हा डुलला. बघता बघता तो पानांत असा मिसळला की कुठं आहे हे तिघांनाही सांगता येईना.

‘‘आता हितं काय खाईल?’’ आत्तीनं विचारलं.

‘‘हितं काय, खंडीनं किडं हायती,’’ बंडगर म्हणाले. ‘‘आता न्हाई कशाला नाक मुरडायचा त्यो. तुमीच तर शिकवलंय.’’

परतताना वाटेतल्या एका गावच्या बस्तीपाशी आत्तीनं जीप थांबवायला सांगितली. पायी विहार करत आलेल्या एक जैन साध्वी, आर्यिका माताजी, तिथं उतरल्या होत्या, हे तिला आधीच कळलेलं होतं. ती आत गेली. मी आणि बंडगर बाहेर चिंचेखाली थांबलो. तिचं काय काम असणार हे मला माहीत होतं. एवढे दिवस स्वतःच्या हातानं एवढे जीव दिले, त्याचं प्रायश्चित्त घेतल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. मला तिची कीव आली, आणि हे सगळं मी तिच्या घरात आणलं म्हणून ओशाळलेही.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. चेहरा शांत होता.

‘‘काय सांगितलं माताजींनी?’’

‘‘महिनाभर आणखी एकाशन, दिवसातनं एकदाच जेवायचं. आणि पांजरपोळात जाऊन रोज आपल्या हातानं जनावरांना चारा घालायचा.’’

‘‘बरं झालं. एवढ्या किड्यांच्या मानानं थोडक्यात सुटलीस,’’ मी तिला हलकं वाटावं म्हणून म्हटलं.

‘‘किड्यांचं नाही ते.’’

मला कळेना. ती चिंचेच्या पारावर टेकली.

‘‘पाठशाळेत लहानपणी आम्हाला अहिंसेत कुठं कुठं चूक होते ते पाठ करायला लावायचे,’’ ती म्हणाली. ‘‘बांधून ठेवणं, मारणं, अंग तोडणं, झेपेल त्याच्यापेक्षा जास्त ओझं लादणं. आणि पाचवं, आपल्या ताब्यातल्या जिवाचं अन्नपाणी तोडणं. परकराच्या वयापासनं घोकलंय मी. आणि त्रिशला, मी दारातल्या पावण्याच्या तोंडचा घास काढून रोज हरभऱ्यात नेऊन सोडत होते. वर मनाशी म्हणत होते, आज एवढे जीव वाचवले. त्या दिवशी तू ओरडलीस ना वाफ्यात, तेव्हा मला ते पाचवं आठवलं. त्याचं प्रायश्चित्त घेतलं.’’

‘‘आणि किडे?’’

‘‘तेही सांगितलं माताजींना, सगळं. त्या म्हणाल्या, त्याचंही घे. मी म्हटलं, नको.’’

‘‘नको? तू?’’

‘‘प्रायश्चित्त घ्यायचं म्हणजे आधी कबूल करावं लागतं, की पुन्हा असं करणार नाही. ते माझ्या तोंडातनं येईना. उद्या असाच कोण उपाशी दारात आला तर मी पुन्हा करीन, माताजी, म्हटलं. खोटं कशाला बोलू?’’

‘‘मग काय म्हणाल्या त्या?’’

‘‘जपमाळ खाली ठेवली त्यांनी. मग म्हणाल्या, मग त्या पापाचं काय करणार?’’

बंडगरांनी जीप चालू केली होती. आत्ती उठली, लुगड्याला लागलेली धूळ झटकली.

‘‘म्हटलं, ऱ्हाऊ दे की माझ्या नावावर,’’ ती म्हणाली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.